वाकड्या वस्तूंचं पान

सायकलवर आपला हात धरणारं कुणी जन्मलेलं नाही, असं तिनं वहिनीला ठणकावून सांगितलं. वहिनीचा चहा निवायच्या आत ती शब्दकोशाच्या कचेरीच्या फाटकात एका माणसावर जाऊन आदळली. तो पडला, ती पडली, वर सायकल पडली.

"लागलं का हो?"

तो कोपर चोळत उठला आणि पुढच्या चाकाकडे बघतच राहिला. "बकल्ड..." देव भेटल्यासारखा तो पुटपुटला.

"मी तुमच्याबद्दल विचारतेय."

"बेंट म्हणजे नुसतं वाकलेलं. पण हे... भार सोसवेना म्हणून मुडपलेलं. कधीपासून शोधतोय मी! हे सरळ नका हं करू."

तिच्या पडण्याचं इतकं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं.

तो तिथे इंग्रजी शब्दांचे अर्थ लिहायचा. ती चित्रकार, आजच कामावर रुजू होणारी. वस्तू टेबलावर ठेवून, बघूनच चित्र काढायचं, असा साहेबांचा दंडक. मग कोशातल्या वाकड्या वस्तूंच्या पानासाठी दोघं वाकडं काही मिळतंय का ते शोधत गावभर हिंडली. ओल लागून पीळ पडलेली फळी – वार्प्ड. नळीला बसलेली मुरड – किंक. म्हाताऱ्या झाडाची गाठाळ फांदी – नार्ल्ड. साहेबांचा भिंतीवरचा तिरका फोटो – आस्क्यू. हे साहेबांना सांगितलं नाही.

आजवर ती पट्टी लावून रेघा मारत आली होती. सरळ म्हणजे नुसतं सरळ; वाकडेपणाला मात्र दर वळणाला नवं नाव! तो फांदीवरून बोट फिरवत बोलू लागला, की तिची पेन्सिल हातातच राहायची.

पण हे पान झालं, की त्याचं इथलं काम संपणार होतं. परगावची नोकरी तयार होती. तिचा हात आपोआप मंदावला. एका फांदीला तिनं आठवडा लावला.

"फांदीची पानं मोजून काढताय का?" त्यानं विचारलं.

"घाई असेल तर पळा ना..."

तो पळाला नाही.

शेवटचं चित्र उरलं त्या सकाळी शिपाईमामा दारातच हसत उभे. "पोरांनो, किती दिवस मोडकं सामान घेऊन बसलाय. सगळं सरळ करून ठेवलंय."

खरंच केलं होतं. चाक गोल, फळी सपाट, फोटो ताठ. फांदीची तासून काठी झालेली.

"बरं झालं, बाकीची चित्रं झालीत," ती म्हणाली. "पण लॉपसायडेड राहिलाय. एका बाजूला कललेलं काहीतरी... आता कुठून आणू?"

"ते रोज इथंच असतं."

"कुठं?"

"तुमचं हसू. डावीकडे जरा... जास्त येतं."

ती हसायचीच विसरली. "माझं हसू मला कसं दिसणार?"

"मी सांगेन ना. पण नीट सांगायला बरीच वर्षं लागतील... त्या नोकरीला मी नाही म्हणून कळवलंय."

"विचार करा. घरी माझी वहिनी आहे. भल्याभल्यांना सरळ करते."

"करू दे. तुम्ही हो म्हणा फक्त."

"हो," ती म्हणाली, आणि हसली. डावीकडे जरा जास्तच.

त्यानं हात पुढे केला, तिनंही केला. मधली शाईची बाटली पानावर कलंडली. पान पहिल्यापासून काढायचं ठरलं, आणि खोलीत एकही वस्तू वाकडी उरली नव्हती.