रस्त्याखालचा उसना कैदी

ड्वेन प्रुइट सुटला. राज्याच्या कोर्टाने दरोड्याचा खटला काढून टाकला, सरकारी वकिलाने तोंड वाकडं केलं आणि ड्वेनच्या बहिणीने, वर्नाने, भर कोर्टात शिटी मारली. यातलं काही घडलंच नाही, असं धरून चाला. दोन्ही कोर्टं तसंच धरून चालली आहेत.

विलोबी गावात कोर्ट स्ट्रीटच्या एका अंगाला राज्याचं कोर्ट, विटांचं. समोर फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं कोर्ट, दगडी, माथ्यावर गरुड. रस्त्याखालून कैदी न्यायला बोगदा. ड्वेन कैदी राज्याचा. पण त्याच दिवशी कुठल्याशा टोळीच्या खटल्यात साक्ष हवी म्हणून फेडरलवाल्यांनी, शेजारणीने वाटीभर साखर न्यावी तसा, त्याला उसना नेला होता. साक्ष झाल्यावर त्यांनी त्याला बोगद्यात सोडलं आणि आपलं दार लावून घेतलं. नियमच तसा. एका बाजूचं दार लागल्याशिवाय दुसऱ्या बाजूचं उघडायचं नाही.

मग राज्याच्या शिपायाने आपलं दार उघडलं. बोगदा रिकामा.

"रिकामा म्हणजे?" वर्नाने विचारलं. ती शाळेच्या भोजनगृहात वाढायची. अख्खी शाळा तिच्या हातातल्या वाढायच्या डावाला टरकून असे.

"म्हणजे आला नाही, मॅडम."

"अरे, रस्त्याएवढा बोगदा! इथून थुंकलं तर पलीकडे पडेल!"

"आत थुंकायला मनाई आहे."

वर्ना तरातरा वर गेली. राज्याच्या न्यायाधीशबाई म्हणाल्या, सुटका ताब्यातल्या माणसाची करता येते; हा आमच्या ताब्यातच नाही, तेव्हा हुकूम लागू होत नाही. ती रस्ता ओलांडून समोर गेली. फेडरल न्यायाधीश म्हणाले, आम्ही माणूस परत केला. राज्याच्या कैद्यात आम्ही लुडबूड करत नाही. आधी राज्याची सगळी कोर्टं करून या.

"आणि तो मधेच कुठे असला तर?"

"मधे काही नसतं, बाई," ते अदबीने म्हणाले. मग त्यांनी पाय हळूच फरशीवरून उचलून खुर्चीच्या आडव्या दांडीवर घेतले.

ड्वेनचा वकील हॉलिस बाहेर उभा होता. "आपण अपील करू, वर्ना."

"कुणाकडे?"

"तीच तर गोची आहे."

"खड्ड्यात गेलात तुम्ही सगळे," वर्ना म्हणाली आणि खाली जाऊन शिपायाला ढकलून बोगद्यात शिरली. हॉलिस मागोमाग दारापर्यंत धावला.

"बाई, दार लावावं लागेल हं," शिपाई म्हणाला.

"लाव! आणि पलीकडच्या ठोंब्याला म्हणावं, उघड!"

दार लागलं. आत फरशीच्या मेणाचा वास होता, ओल्या लोकरीचाही. ती चालत राहिली. डोक्यावरून गाड्यांची घरघर येत होती. मग घोड्यांच्या टापा यायला लागल्या. मग तेही थांबलं. समोरचं दार होतं तेवढंच लांब होतं.

"ड्वेन! अरे गाढवा, कुठे मेलास?"

"ओरडू नकोस गं." आवाज अगदी कानाशी. "लोक आत्ताच झोपलेत."

"कोण लोक?"

अंधारात साखळ्या सरकल्या. एकीकडून दुसरीकडे, बराच वेळ सरकत राहिल्या.

"तू कुठल्या बाजूने आलीस?" ड्वेनने विचारलं.

"राज्याच्या."

"मग फेडरलवाले तुला घेणार नाहीत."

"नको घेऊ देत. आलो तसे परत जाऊ. तुझा खटला संपलाय रे! तू सुटलास!"

"पलीकडचं दार लागलंय, असं त्यांनी सांगितल्याशिवाय हे उघडत नाहीत."

"मग सांगतील की!"

"आपल्याबद्दल ते बोलत नाहीत."

वर्नाने मागे वळून राज्याच्या दारावर लाथ घातली. पुन्हा घातली. पलीकडून हॉलिसचा आवाज आला. "अहो, ती आत गेलीय ना?"

"कोण?" शिपायाने विचारलं.

हॉलिसने दोन्ही कोर्टांत एकच अर्ज दाखल केला. त्याचा शेवट असा: "अर्जदारांची नावे देता येत नाहीत, कारण सर्वजण एकाच वेळी हाका मारतात. त्यांपैकी शिव्या देणारा स्त्रीचा आवाज दिवसेंदिवस लांबून येऊ लागला आहे. सबब, तो ऐकू येतो आहे तोवर, दोन्ही दारे एकाच वेळी उघडण्याचा हुकूम, ज्या कोणत्या माननीय न्यायालयास तसा अधिकार असेल त्याने, कृपया द्यावा, ही विनंती."