‘आपल्या’ घरी

सुकेशनीला तो पहिल्यांदा भेटला, तेव्हा त्याच्या हातातला माइक हिसकावून पाण्यात भिरकावून द्यावा, असं तिला वाटलं होतं. प्रेमाची सुरुवात अशी होणं काही बरं लक्षण नाही. पण झाली ती अशीच.

तिच्या आत्याला, चांगुणाबाईंना, एकदा नावेत बसून गंगा बघायची होती. आमच्याकडे गोदावरीला गोदावरी म्हणतं कोण? गंगाच. गंगाखेडच्या घाटावरून हिवाळ्यात दर रविवारी एक बोट सुटते. बंधाऱ्यानं अडवलेल्या संथ पाण्यातून, काठावरचे घाट, समाध्या, जुनी देवळं दाखवत दाखवत धारासूरच्या गुप्तेश्वरापर्यंत जाते आणि परत येते. ‘निवांत नदीदर्शन’ असं तिच्या अंगावर रंगवलेलं आहे. निवांत म्हणजे इतकी निवांत, की काठानं चाललेल्या म्हशीही तिला मागे टाकतात. आणि सुकेशनीच्या स्वभावात निवांतपणा औषधालाही नव्हता. पालमच्या हायस्कुलात ती इतिहास शिकवायची, आणि मुलं उत्तर आठवत बसली की हिचंच डोकं दुखायचं.

"मंडळी, उजव्या हाताला बघा," माइकवरचा तरुण म्हणाला. सगळी बोट उजवीकडे वळली. "आपलं… डाव्या हाताला." सगळी बोट डावीकडे वळली. "हे देऊळ हाय तेराव्या शतकातलं… आपलं, बाराव्या…"

"एकदा काय ते नक्की करा हो!" सुकेशनी ताडकन उभी राहिली. "हात कोणता, शतक कोणतं… माणसांच्या माना मोडतील!"

बोटीत हशा पिकला. तो मात्र गडबडला नाही. सरळ तिच्यापाशी आला आणि त्यानं माइक पुढे केला.

"मंग तुमीच सांगा, मॅडम. आमी ऐकताव."

"मी ऐकायला आलेय, सांगायला नाही."

"मंग ऐका की. पण उभ्यानं कशाला? बसून ऐका."

ती धुमसत बसली. शेजारी आत्या तोंडाला पदर लावून हसत होती, त्यानं तर तिची तळपायाची आग मस्तकात गेली.

पुढे धारासूरला सगळे उतरले. देवळाच्या भिंतीवरच्या कोरीव बायका उन्हात झळकत होत्या. एकीचा हात केसात, एकीच्या हाती आरसा. तो म्हणाला, "आत देवाला हात जोडायचे का न्हाई, ते ज्येचं त्येनं बघावं. आमच्या घरी न्हाई जोडत. पण हा दगड ज्यानं कोरला ना, त्येच्या हाताला एकदा जोडा. त्येचं नाव कुठंच लिवलेलं न्हाई." ह्या वेळी एकदाही ‘आपलं’ आलं नाही. सुकेशनीच्या घरीही देव नव्हते. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध. तिनं हळूच त्या दगडी बाईच्या पावलाला बोट लावून पाहिलं… आणि त्या दिवशी पहिल्यांदाच ती चिडायची विसरली.

त्याचं नाव बुद्धभूषण. चुडाव्याचा. सगळे भूषण म्हणत.

पुढच्या रविवारी आत्याला पुन्हा गंगा बघायची होती. म्हणजे, सुकेशनीनं घरी तसं सांगितलं. "मला? मी कवा म्हणले?" आत्यानं विचारलं, आणि भाचीचं तोंड बघून लगेच जीभ चावली. त्याच्या पुढच्या रविवारी आत्याचे गुडघे दुखत होते, म्हणून ती एकटीच गेली. मग तर एकटीनंच जायची रीत पडली.

भूषण चुकायचा, ती सुधारायची. ऊन तिच्या डोळ्यांवर आलं, की तो बोलता बोलता दोन पावलं सरकून उभा राहायचा आणि त्याची सावली तिच्या चेहऱ्यावर पडायची. हे तो मुद्दाम करतो, की आपोआप होतं, हे तिला काही केल्या कळेना. विचारायची तर सोय नव्हती.

"तुम्ही मुद्दाम चुकता," एकदा ती म्हणाली.

"मुद्दाम कशाला? तुमी सुधरायलात म्हणून चुकायलोय."

"आणि मी आले नाही तर?"

"तर मंग… सगळं बरोबर सांगावं लागंल. लय कंटाळा येतो त्येचा."

असं गोड गोड बोलण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. पण त्याच्या पुढचं वाक्य? ते काही येईना. प्रत्येक रविवारी सुकेशनी मनात म्हणायची, आज बोलेल. तो काठावरचा बगळा दाखवायचा, पाण्यात बुडालेली पायरीसुद्धा दाखवायचा, आणि संध्याकाळी "या मग पुढच्या रविवारी" म्हणून मोकळा व्हायचा. एसटीच्या खिडकीला डोकं टेकवून ती दात-ओठ खायची. माइकवर दिवसभर तोंड चालतं मेल्याचं, आणि जे बोलायचं तिथं बंद!

त्यातच पुण्याचं स्थळ आलं. मुलगा कंपनीत, स्वतःचा फ्लॅट, माणसं चांगली. दादांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, भगवानरावांनी, घाई केली नाही. एवढंच म्हणाले, "रविवारी संध्याकाळपर्यंत मला काय ते सांग, बाई. लोकांना ताटकळत ठेवणं बरं न्हाई."

तिनं ते मधल्याच एका दिवशी शाळा सुटल्यावर गंगाखेडला जाऊन भूषणच्या कानावर घातलं. घाटावर तो बोटीचे दोर वाळवत होता. डिझेलचा आणि ओल्या दोरांचा वास येत होता.

"पुण्याचं स्थळ आलंय मला," ती पाण्याकडे बघत म्हणाली. "दादांना रविवारी सांगायचंय. हो की नाही ते."

भूषणच्या हातातला दोर थांबला. "रविवारी?"

"रविवारी."

त्यानं दोर खाली ठेवला. आता बोलेल. आत्ता. आत्ता नाही बोलला तर कधी?

"रविवारी…" तो खाकरला. "आई-बाबा रविवारी आपल्या घरी येतो म्हणायलेत."

सुकेशनीनं डोळे मिटले. ह्याचे आई-बाबा दोन महिने पुण्याला थोरल्या भावाकडे होते, आणि हा चुडाव्याला एकटाच हातानं करपलेल्या भाकरी खात होता, हे पुराण तिनं हजारदा ऐकलं होतं. इथं माझ्या आयुष्याचा प्रश्न, आणि ह्याला आई-बाप घरी परत येण्याचं कौतुक!

"येऊ द्या की," ती फणकारली. "तेवढीच गरम भाकर मिळेल तुम्हाला!"

भूषणचा चेहरा असा उजळला, की ती आणखीच भडकली. "खरंच?" त्यानं विचारलं.

"खरंच म्हणजे? घरात बाईमाणूस असल्यावर भाकर मिळणार नाही तर काय?"

"मंग… येतो मी."

"या!" ती म्हणाली, आणि पाठ फिरवून तरातरा पायऱ्या चढून गेली. मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

रविवारी सकाळी उठली ती ठरवूनच. जाऊन त्याला तोंडावर सांगायचं, की मी पुण्याला हो म्हणणार आहे, बस आता तुझे बगळे मोजत. ‘शाळेत काम आहे’ अशी थाप मारून तिनं पहिली एसटी गाठली. घाटावर बोट भरत आली होती. भूषण नेहमी मागच्या बाजूला, इंजिनापाशी असायचा. ती थेट आत घुसली. मागे बघते तर तिथं त्याचा जोडीदार महारुद्र.

"भूषण कुठंय?"

"आज सुट्टी टाकलीय त्यानं. लय महत्त्वाचं काम हाय म्हणं." महारुद्रानं डोळा बारीक केला. "तुमी कशा काय हितं?"

म्हणजे आई-बापाच्या स्वागताला हा घरी बसला! तिला रडूच यायला लागलं. उतरावं म्हणून वळली, तर घाट मागे पडलेला. बोट निघाली होती, निवांत.

जनाबाईचं गंगाखेड दिसेनासं झालं, महारुद्र माइकवर सुरू झाला, तोच फोन वाजला. आत्या.

"अगं कुठं उलथलीस? पाव्हणे येऊन बसलेत घरी!"

"पुण्याचे? आज?"

"पुण्याचे कशाला! त्यो तुझा बोटीवाला! आई-बाप घिऊन आलाय, नवा शर्ट घालून. म्हणायलाय, तूच बोलावलंस. गरम भाकरीचं आवतण दिलंस म्हणं!"

सुकेशनी मटकन खाली बसली. आपल्या घरी. आपल्या म्हणजे स्वतःच्या, आपल्या म्हणजे मान देऊन ‘तुमच्या’, आणि आपल्या म्हणजे… दोघांच्यासुद्धा. आणि ते ‘येतो मी’! ती समजली होती, निरोप घेतोय. वर ‘या’ म्हणाली होती, ठणकावून.

"आत्या, त्यांना थांबव! काहीही कर!"

"त्येचा बाप उठायलाय की! पोरीला पसंत न्हाई म्हणून ती घरातून निघून गेली, म्हणायलाय. लय लागलंय त्येला. आन् तुझे दादा म्हणायलेत, मी तरी काय सांगू, मग पुण्यालाच…" फोन कुरकुरला आणि बंद पडला. रेंज गेली.

"बोट वळवा!" ती महारुद्रावर ओरडली.

"मॅडम, बोट हाय, रिक्षा न्हाई. एवढ्या लोकांचं दर्शन राहिलंय." आणि त्यानं पुन्हा माइक तोंडाला लावला. "मंडळी, उजव्या हाताला बघा…"

समोरच्या बाकावर बोरीहून आलेली भिवराबाई नावाची धनगराची म्हातारी बसली होती. ती बराच वेळ हा तमाशा बघत होती. "काय झालं गं पोरी? कुणाचं लगीन हाय?"

"माझं!"

"आन् नवरा कुठाय?"

"माझ्या घरी!"

"मंग तू हितं काय करायलीस?"

सगळी बोट तिच्याकडे बघायला लागली. जो तो सल्ला देऊ लागला. बोट मात्र रमतगमत चालली होती. एका घाटावर कुणाला पाय धुवायचे होते, एका समाधीपाशी कुणाचा नारळ वाढवायचा राहिला होता. सुकेशनी डोळे पुसत होती आणि पाण्याला, बोटीला, मराठी भाषेला आणि स्वतःला शिव्या घालत होती. तो गेला तर? ‘नकार दिला’ असं मनात धरून, काही न बोलता गेला तर? तो तसाच होता. तो पुन्हा कधी विचारणार नाही. पुणं नको होतं तिला. तिला हा चुकणारा माणूस हवा होता, आणि तो आत्ता तिच्याच उंबऱ्यावरून उठून चालला होता.

धारासूरचा काठ आला. बोट टेकायच्या आतच तिनं उडी मारली, चिखलात घोट्यापर्यंत रुतली, आणि चप्पल तिथंच सोडून वर धावली.

वर भूषण उभा होता. नवा पांढरा शर्ट धुळीनं माखलेला, मागे तापलेली मोटरसायकल.

"तुम्ही… इथं?"

"आत्याबाईंच्या फोनात तुमचं बोलणं काय ऐकू आलं न्हाई. मागून महारुद्राचा माइकवरचा आवाज तेवढा आला." तो धापा टाकत होता. आणि चक्क चिडला होता! त्याला चिडलेला तिनं कधी पाहिलाच नव्हता. "नकार द्यायचा व्हता तर तवाच द्यायचा की, मॅडम! ‘या’ म्हणायचं, आन् आमी आलो की बोटीत जाऊन बसायचं? माझ्या बापाचं तोंड बघवंना मला."

"मला वाटलं तुम्ही तुमच्या घरचं बोलताय!" तिचं मास्तरी मराठी कुठल्या कुठे पळालं. "आपल्या घरी, आपल्या घरी… कुणाच्या घरी ते नीट सांगाया काय झालं व्हतं? इतके रविवार वाट बघायलेय मी, एक वाक्य धड बोलाल म्हणून!"

"आन् तुमी?" तो म्हणाला. "तुमी एकदा तरी बोललात का?"

सुकेशनी एकदाही बोलली नव्हती. इतिहासातल्या सगळ्या राजांच्या चुका तिनं सांगितल्या होत्या. हे एवढं सांगितलं नव्हतं.

"मला तुमच्याशी लगीन करायचंय, सुकेशनी," तो हळूच म्हणाला. मॅडम नाही, सुकेशनी. "आता सांगा. हो म्हणा, न्हाई तर न्हाई म्हणा. पण सांगा."

तिनं चिखलाचे पाय गवताला पुसले. "ते… आहेत का अजून? तुमचे आई-बाबा?"

"आत्याबाईंनी बाबांच्या चपला उचलून वर माळवदावर टाकल्यात. जाणार कसे?"

ती हसली, आणि हसता हसता रडली. मग इथं रेंज आहे हे बघून तिनं घरी फोन लावला. दादांनी उचलला.

"दादा, पुण्याला नाही म्हणून कळवा."

"बरं," दादा म्हणाले. त्यांचा आवाज थकलेला होता. "पण त्या लोकांना कारण काय सांगू? काहीतरी कारण द्यावं लागंल, बाई."

तिनं समोर पाहिलं. घामेजलेला, धुळकट, चिडलेला, घाबरलेला माणूस. तो श्वास रोखून उभा होता.

"कारण… मला हे पसंत आहेत, दादा."

पलीकडे दादांनी फोन स्पीकरवर टाकलेला होता. मग आत्याची किंकाळी आली. "‘हे’ म्हणली! आवो, ऐकलं का विहीणबाई? पोरगी ‘हे’ म्हणली!" आणि पाठोपाठ एका अनोळखी पुरुषाचा खळखळून हसण्याचा आवाज.

तेव्हा कुठे सुकेशनीच्या लक्षात आलं, आपण काय बोललो ते. भूषण नाही, बोटीवाले नाही. हे. आत्यानं सबंध आयुष्यात हा शब्द एकाच माणसासाठी वापरला होता, आणि तो माणूस गेल्यावरसुद्धा बदलला नव्हता. सुकेशनीचे कान तापले. मागे घाटाच्या पायऱ्यांवर भिवराबाई दोन्ही हातांची बोटं कानशिलावर मोडत उभी होती, आणि अर्धी बोट तिच्या मागे.

तिनं फोन खाली केला. "ऐकलंत?"

भूषणनं मान हलवली. त्याच्या ओठांची नुसती हालचाल झाली. दिवसभर माइकवर बडबडणारा तो माणूस, आज त्याच्या तोंडून एक अक्षर फुटेना. डोळे मात्र भरून आले होते.

"आता बोला की काहीतरी!" सुकेशनी वैतागून म्हणाली, आणि अनवाणी पायांनीच त्याच्या मागे गाडीवर बसली.