सगळे दिवे हिरवे, तरी आवाज नाही

"हॅलो! हॅलो! अहो, बोला ना!"

मदतनीस खुशालदादा डोये यांचा घसा ओरडून ओरडून बसला होता. हेडफोनमध्ये पलीकडून शब्द नाही, साधं खाकरणंही नाही. सकाळपासून असे एकतीस फोन आले होते आणि सगळेच्या सगळे मुके!

ही गोष्ट २०५१ सालच्या जुलै महिन्यातली. भंडाऱ्याच्या सर्पदंश मदत केंद्रात त्या दिवशी नवी फोनयंत्रणा सुरू झाली होती. चार जिल्ह्यांतून कुठूनही फोन आला, की ही यंत्रणा तो मोकळ्या असलेल्या मदतनीसाकडे वळवायची. ती बसवली होती इंजिनिअर सुकेशिनी मेश्राम यांनी. शाळेला सुट्टी होती म्हणून त्यांची अकरा वर्षांची भाची चैत्रालीही सोबत आली होती.

"आत्या, काय बिघडलंय?"

"तेच तर कळत नाही बाप्पा!" आत्या वैतागून म्हणाली. "लाइनवाले म्हणतात, दोष यंत्रणेत आहे. यंत्रणावाले म्हणतात, दोष लाइनमध्ये आहे. आणि हा बघ!"

'हा' म्हणजे बिनचूक. केंद्राचा तपासनीस रोबो.

"यंत्रणा ठीक आहे," बिनचूक गोड आवाजात म्हणाला. "दोनशे तपासणी फोन केले. दोनशेच्या दोनशे यशस्वी. सर्व दिवे हिरवे आहेत."

"घाल चुलीत तुझे दिवे!" आत्या म्हणाली.

तेवढ्यात खुशालदादांचा स्वतःचा मोबाइल वाजला. एक बाई त्यांच्यावरच तापल्या होत्या. "मी केव्हाची बोलून राहिली तुमच्या केंद्रावर! तुमचं नुसतं हॅलो, हॅलो! ऐकू येत नाही का तुम्हाला?" त्यांच्या मुलाला विंचू चावला होता. केंद्राचा नाद सोडून त्यांनी ओळखीतून दादांचा नंबर मिळवला होता. दादांनी त्यांना काय करायचं ते सांगितलं आणि कपाळ पुसलं.

चैत्राली विचारात पडली. "आत्या, त्यांना आपलं हॅलो ऐकू येतं! फक्त त्यांचं आपल्याला ऐकू येत नाही."

आत्या वळलीच. इतक्यात पुन्हा पडद्यावर फोन आला. पुन्हा शांतता. दादा हॅलो म्हणणार, तोच आत्याने त्यांचा हात धरला. "दादा, पलीकडे ऐकू जातंय. सांगा त्यांना!"

दादा सावकाश, स्पष्ट बोलू लागले. "तुमचा आवाज मला येत नाही, पण माझा तुम्हाला येतोय. घाबरू नका. साप चावला असेल तर ती जागा कापू नका, दोरी बांधू नका. हात-पाय हलू देऊ नका. आता फोन ठेवा. तुमचा नंबर मला दिसतोय, मी मोबाइलवरून लावतो."

फोन बंद झाला. दादांनी नंबर लावला. लाखांदूरजवळच्या शेतातून एक तरुण सून रडत बोलत होती. सासऱ्यांना धानाची रोवणी करताना नागाने चावा घेतला होता. पुढच्या दोन मिनिटांत रुग्णवाहिका निघाली.

मग दादा सकाळच्या मुक्या फोनांचे नंबरही एकेक करून लावू लागले. पण प्रत्येक वेळी असं कसं चालणार? फोन तर येतच होते.

चैत्राली रोबोसमोर जाऊन उभी राहिली. "बिनचूक, तू तपासणीचे फोन कुठून करतोस?"

"याच खोलीतून."

"म्हणजे बाहेरून एकदाही नाही?"

"तशी सूचना नाही."

आत्याने डोक्याला हात लावला. "काल मी बाहेरून तपासलं होतं गं, पण जुन्या लाइनवरून. नवी लाइन आज सकाळी जोडली!" तिने भराभर पडद्यावर नोंदी उघडल्या. फोन जोडताना यंत्रणांमध्ये जे बोलणं होतं, त्याची ती नोंद होती.

"हे बघ," ती म्हणाली. "फोनवर दोन कामं वेगवेगळी चालतात. पहिलं काम संकेताचं (फोन जोडण्याचा निरोप). घंटा वाजते, फोन उचलला जातो. ते ठीक चाललंय, म्हणून दिवे हिरवे. दुसरं काम आवाजाचं. आवाजाचे दर सेकंदाला पन्नास तुकडे होतात. अशा प्रत्येक तुकड्याला पॅकेट (पत्ता लिहिलेलं छोटं पुडकं) म्हणतात. पुडकी कुठे पाठवायची, तो पत्ता निरोपातच सांगतात. आता आपण काय पत्ता सांगितलाय, वाच."

चैत्रालीने आकडे वाचले. "हा तर खुशालदादांच्या टेबलावरच्या फोनवर लिहिलेला नंबर आहे!"

"हो ना! इमारतीतल्या आतला पत्ता. पोस्टमनला कोणी 'मधल्या खोलीत, खिडकीजवळ' एवढंच सांगितलं, तर पत्र येईल का? घरातल्या माणसाला मात्र तेवढं पुरतं."

"म्हणून बिनचूकचे फोन लागले! आणि आपला आवाज बाहेर जातो, कारण त्यांनी त्यांचा पत्ता पूर्ण सांगितलाय!"

"अगदी बरोबर. आत आणि बाहेर यांच्यामध्ये आपली एक वेशीवरची पेटी (येणारे-जाणारे फोन तपासणारं यंत्र) आहे. आतला पत्ता पुसून बाहेरचा लिहिणं हे तिचं काम. नव्या लाइनसाठी तो रकाना मी रिकामा ठेवला." आत्याचा आवाज खाली आला. "चूक माझीच. आणि सकाळपासून मी सगळ्या जगावर ओरडतेय."

तिने रकाना भरला, दोनदा वाचला आणि पेटीला बदल लागू करायला सांगितलं. पण बिनचूकला तपासायला मात्र सांगितलं नाही. चैत्रालीचा हात धरून ती थेट रस्त्यावर आली. समोरच्या टपरीपाशी उभं राहून चैत्रालीने केंद्राचा नंबर लावला.

"सर्पदंश मदत केंद्र, बोला," दादांचा बसलेला आवाज आला.

"दादा, मी चैत्राली. ऐकू येतंय?"

आत्याने फोनला कान लावला.

"येतंय!" दादा ओरडले. "तुझ्यामागे कोणीतरी कढईत भजी सोडतंय, तेसुद्धा येतंय! आणि ऐका, लाखांदूरचे आजोबा दवाखान्यात पोचले. औषध सुरू झालंय."

आत्या टपरीच्या बाकावर मटकन बसली. हसावं की रडावं, तिला कळेना.

चैत्राली मात्र आपल्या वहीत गावांची नावं लिहू लागली होती: पवनी, साकोली, तुमसर, लाखांदूर.

"हे काय गं?"

"प्रत्येक गावात एक छोटा फोन ठेवायचा, आत्या. तो रोज सकाळी आपणहून केंद्राला फोन करेल, बोलेल आणि ऐकेल. फोन करणारा माणूस जिथे उभा असतो, तिथूनच तपासायला हवं ना?"

आत्याने वही स्वतःकडे ओढली आणि खाली पाचवं नाव लिहिलं: मोहाडी.