विमानतळाजवळची खोली

पुण्यात विमानतळाजवळचं हॉटेल निवडायला मला नऊ दिवस लागले. प्राणिसंग्रहालय कात्रजला, शहराच्या एका टोकाला, आणि विमानतळ लोहगावला, पार दुसऱ्या टोकाला. प्राणी बघायला जाणारी माणसं इतक्या लांब कशाला उतरतील, असं माझा नवरा रुपेश दोनदा म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला नाही, कारण माझा स्वभाव त्याला ठाऊक आहे. मी वारूळवाडीच्या उपकेंद्रात नर्स आहे. मी एखादी गोष्ट करते तेव्हा तिला कारण असतं.

कारण होती आमची प्रतीक्षा. सात वर्षांची. दोन हजार तीनच्या जानेवारीत, ऊसतोड चालू असताना, ती दुपारी बाराला घरामागच्या उसात गेली आणि चारला सापडली. फडाच्या मधोमध पाचट, उसाची वाळकी पानं, दाबून कुणीतरी बसकण केली होती, त्यात ती गुडघे जवळ घेऊन शांत बसली होती. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. पण तिच्या भोवतीनं बिबट्याच्या पंजांचे ठसे होते, एकावर एक, जणू तो चार तास फेऱ्याच मारत होता. नंतर तिथं पिंजरा लागला, आठवड्याभरात एक बिबट्या सापडला आणि पुढे तो कात्रजला गेल्याचं आमच्या कानावर आलं.

त्या दिवसापासून पोरीची झोप गेली. दिवेलागण झाली की ती उसाकडच्या खिडकीत बसायची आणि कान देऊन ऐकत राहायची. काय ऐकतेस विचारलं तर म्हणायची, करवत. लाकूड कापल्यासारखा आवाज, बिबट्या ओरडतो तसा. मला तो कधी ऐकू आला नाही, रुपेशलाही नाही. पहाटे बसल्या बसल्या तिचा डोळा लागायचा आणि शाळेत ती बाकावर डोकं टेकून पडायची. जानेवारीत तिचं वजन वीस किलो होतं, दिवाळीच्या तोंडावर सोळा. गावभरच्या पोरांची वजनं मी घेते, पण माझ्या पोरीला काट्यावर उभं केलं की मलाच तो आकडा बघवत नव्हता.

नारायणगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, जनावर गजाआड आहे हे तिला डोळ्यांनी बघू द्या. आणि चार दिवस तिला गोंगाटाच्या जागी ठेवा, म्हणजे ऐकायचा नाद सुटेल. गोंगाट म्हटल्यावर मला विमानं सुचली.

मग मी फोन घेऊन बसले. कात्रजजवळच्या लॉजच्या मागे डोंगर, ते बाद. स्वारगेटच्या हॉटेलशेजारी बाग, तेही बाद. स्टेशनजवळ खोल्या होत्या, पण तळमजल्यावर. शेवटी लोहगावच्या रस्त्यावरचं 'हॉटेल नभांगण' पसंत पडलं. जवळपास ऊस आहे का, असं मी मॅनेजरला विचारलं तेव्हा तो हसला. म्हणाला, मॅडम, इथं कुंडीतलं रोपसुद्धा जगत नाही, सगळं सिमेंट. तिसरा मजला, खिडकीला ग्रिल, डोक्यावरून विमानं. तीनशे चार नंबरची खोली मी दोन दिवसांसाठी पक्की केली.

आमचा फोन त्याच उसाकडच्या खिडकीत आहे, कारण वायर तिथवरच पुरली. लाइन खराब, त्यामुळे सगळं ओरडून बोलावं लागतं. मी पत्ता परत विचारून घेत होते तेव्हा गजराबाई आल्या. त्या शेजारच्या. पूर्वी त्यांचं सगळं घर मेंढरांमागे फिरायचं, आता शेती करतात, तरी दारात वीसेक मेंढरं आहेतच. बीपीच्या गोळ्या न्यायला आल्या होत्या. मी फोन ठेवेपर्यंत उंबऱ्यातच थांबल्या.

"नर्सबाई, हितं बोलू नगा ते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मेंढरांचा तळ हलवायचा असला की पुढचं ठिकान आमी तोंडातनं काढत न्हाई. सासरा नुसता हात करायचा, त्या अंगाला चालू लागायचं. मागावर असलेलं ऐकत असतंय."

मला राग आला. गजराबाईंचा नाही, त्या कुजबुजीचा. माझ्या आजोबांनी छप्पन साली घरातले देव नदीत सोडले. कुणालाही न विचारता, भर दुपारी, सगळ्या गावासमोर. त्यांची नात उसाला भिऊन कुजबुजत बोलणार? मी खिडकी सताड उघडली आणि फडाकडे तोंड करून ओरडले, "हॉटेल नभांगण, लोहगाव रोड! तिसरा मजला, तीनशे चार! गुरुवारी चाललोय आम्ही. ऐकून ठेव."

गजराबाईंनी पदर डोक्यावर ओढला आणि गोळ्या न घेताच गेल्या. खिडकी लावताना माझ्या एक लक्षात आलं. वारं होतं, वाळत घातलेले कपडे हलत होते, पण उसाचं एक पान वाजत नव्हतं. मी खिडकी लावली आणि भाकरी करायला घेतल्या.

गुरुवारी सकाळी आम्ही निघायच्या बेतात असताना मॅनेजरचा फोन आला. तुमच्यातलं कुणी रात्रीच पुढे आलंय का, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, नाही, का? तो म्हणाला, तीनशे चारला आतून कडी लागलीय.

आम्ही तीनच्या सुमाराला पोचलो तेव्हा सुतार कडी काढून गेला होता. आत कुणीही नव्हतं, मॅनेजर सांगत होता, खिडकी बंद, ग्रिल शाबूत. त्यानं दुसऱ्या मजल्यावरची एसीची खोली त्याच भाड्यात देऊ केली. आम्ही वर जाऊन आधी तीनशे चार बघितली. चादर इस्त्रीची, तिच्यावर घडी मोडल्याची खूण नव्हती. दाराच्या आत मात्र गालिचा गोल दाबला गेला होता, टोपलीएवढा. आणि पाचटाचा वास येत होता. ओल्या पाचटाचा, आमच्या परसात येतो तसा.

"तेजू, घेऊ की दुसरी," रुपेश म्हणाला. "काय बिघडतंय?"

बिघडतं, मी म्हटलं. आज खोली बदलली तर उद्या घर बदलावं लागेल. मी नऊ दिवस घालवून ही खोली निवडलीय, मी हीच घेणार. गालिचा मी पायानं घासून सारखा केला.

आमचं बोलणं संपायच्या आत प्रतीक्षानं चपला काढल्या, पलंगावर चढली आणि झोपली. दुपारी साडेतीनला. डोक्यावरून विमान गेलं, टेबलावरचे ग्लास थरथरले, तिनं कूससुद्धा बदलली नाही. मी दोनदा तिची नाडी बघितली. संध्याकाळी उठवलं नाही, रात्री जेवायला उठवलं नाही. दहा महिन्यांत पहिल्यांदा माझी पोर अंथरुणावर आडवी होऊन झोपली होती. मी बाथरूममध्ये नळ सोडून पोटभर रडले. आनंदानं रडले, आणि विजयानंही.

सकाळी सातला ती उठली आणि चार पुऱ्या खाल्ल्या. पाचवी मागितली. रुपेश माझ्याकडे बघून हसला. मी मनातल्या मनात गजराबाईंना, उसाला आणि साऱ्या वारूळवाडीला चार गोष्टी सुनावल्या.

मग आम्ही कात्रजला बिबट्याच्या पिंजऱ्यापाशी गेलो. लाकडाच्या ओंडक्यावर तो पडला होता, एक कान फाटलेला. जुन्नरकडून आणलेला हाच का, म्हणून मी तिथल्या माणसाला विचारून घेतलं. हाच, तो म्हणाला. मी प्रतीक्षाला कठड्यापाशी उभं केलं. बघ, म्हटलं. नीट बघ. कुलूप आहे, गज आहेत. आता हा कुठंही येत नाही.

तिनं शेजारच्या गुराकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं.

"हा नाय, मम्मी."

"हाच आहे. त्या काकांनी सांगितलं."

"हा घाबरतोय," ती म्हणाली आणि आइस्क्रीमच्या गाडीकडे बघायला लागली.

बिबट्या खरंच ओंडक्यावरून उतरून मागच्या भिंतीला चिकटला होता. पोरीकडे नव्हे, तिच्या बाजूच्या मोकळ्या जागेकडे बघत होता.

मी तिच्यासमोर खाली बसले. काल तुला झोप कशी लागली, असं विचारलं. विमानांमुळं ना?

तिनं नाही म्हणून मान हलवली. "घरी तो बाहेर असतो. कुठं गेला, ते ऐकत बसावं लागतं. काल आतच व्हता ना. मग कशाला ऐकायचं?"

रुपेशनं हे ऐकलं. सामान घेऊ आणि साडेचारची एसटी पकडू, असं तो रिक्षात बसल्या बसल्या म्हणाला. मी नाही म्हटलं. घरी नेलं तर ती पुन्हा खिडकीत बसेल. आणखी चार महिने खिडकीत बसली तर काय होईल, हे मला काट्यावर दिसतं. पोर झोपणार असेल तर ती इथंच झोपेल. आणि जे कोण आहे त्याला माझ्यावरून जावं लागेल.

तीन वाजता आम्ही परत खोलीत आलो. प्रतीक्षा पलंगावर आडवी झाली. रुपेश चहा सांगायला खाली गेला, मुद्दाम पायऱ्या वाजवत.

मी दार लावलं. दाराला पाठ लावून जमिनीवर बसले, पाय पसरून, गालिचा दाबला गेला होता अगदी तिथंच. बाहेर लख्ख ऊन होतं.

"मम्मी, तिथं नको बसू," प्रतीक्षा झोपाळू आवाजात म्हणाली.

"का?"

"त्याची जागा हाय ती."

"मग त्यानं दुसरी शोधावी," मी म्हटलं. "मी उठणार नाही."

तिनं डोळे मिटले. मग म्हणाली, "बरं. तू चालशील म्हणतोय."

तिचा श्वास संथ झाला. तोंड किंचित उघडं, गालावर थोडी लाली. दहा महिन्यांत मी तिला अशी बघितली नव्हती.

एक विमान उतरलं. खिडकीची काच हलायची थांबली.

पाचटाचा वास आला.

मी उठले नाही. हललेसुद्धा नाही. समोर माझी पोर गाढ झोपली होती, खाली रुपेश कुणाशी तरी साखरेवरून बोलत होता, आणि माझ्या मांडीवर हळूहळू वजन येत होतं, एखादं डोकं टेकावं एवढं.