उतारावरची ओ

काम तसं किरकोळच होतं. डोंगरावरच्या लाकडी खोपटापाशी कुणा पाहुण्याची सायकल अडकून पडली होती. मागच्या चाकाची रिम पार वाकडी झालेली. पाहुणा बिचारा पाय ओढत खाली आला आणि सायकल तिथंच भिंतीला टेकवून ठेवल्याचं सायकलच्या दुकानात सांगून गेला. दोघा भावांतल्या थोरल्यानं दुसरं चाक पाठीला बांधलं, पाने-पक्कड पिशवीत टाकले आणि जेवण उरकून निघाला. चढताना पायी जायचं, उतरताना त्याच सायकलवर बसून यायचं. दिवस मावळायच्या आत घरी.

हा रस्ता एकेकाळी लाकडं वाहणाऱ्या ट्रकांचा होता. मग जंगलतोड बंद झाली आणि पायथ्याशी लोखंडी फाटक बसलं. तेव्हापासून त्या खडीवर इंजिनाचा आवाज म्हणून नाही. जाड टायरच्या सायकली घेऊन हौशी माणसं येतात आणि झाडाझाडांतून वळणं घेत उतरतात. गाड्या नसल्या की रस्ता शांत होतो म्हणतात, पण तसं नसतं. तो सगळं ऐकू द्यायला लागतो. पान पडलं तरी कळतं, टायरखालचा खडा उडाला तरी कळतं, आणि दोन वळणं मागचा माणूस नुसता खाकरला तरी ओळखू येतो.

या उतारावर दोघा भावांची एक रीत होती. सैल खडीवर उतरताना मागं बघायचं नाही. मान वळली की हँडल वळतं आणि चाक निसटतं. म्हणून पुढच्यानं रस्ता बघायचा आणि मागच्याला हाक द्यायची, "वळण!" "खड्डा!" "फांदी!" मागच्यानं ओ द्यायची, "आलो!" ओ आली नाही तर पुढच्यानं तिथल्या तिथं थांबायचं. एवढ्या एका रीतीवर त्यांनी पाहुण्यांचे तांडेच्या तांडे खाली आणले होते, कुणाला साधं खरचटू दिलं नव्हतं.

आणि त्याच रीतीनं घर मोडलं.

गेल्या थंडीत थोरल्याची बायको धाकट्याच्या मागून उतरत होती. धाकटा फाटकाशी पोचला, मागं वळला, तर वहिनी नाही. ती सापडली मधल्या वळणाखाली, दरडीच्या दगडांत. जीव जागच्या जागी गेला, असं डॉक्टर म्हणाला. आणि धाकटा सगळ्यांना एकच सांगत राहिला, की वहिनी फाटकापर्यंत ओ देत होती. "आले," म्हणत होती. प्रत्येक हाकेला.

लोक म्हणाले, डोंगराचा प्रतिध्वनी असेल. थोरला म्हणाला, खोटं बोलतोय. हा पुढं सुसाट निघाला, हाका द्यायच्या विसरला आणि आता गोष्टी रचतोय. दुकान थोरल्याकडे राहिलं. धाकट्यानं जंगलखात्याचं रोजंदारीचं काम धरलं. त्याच रस्त्यावर पडलेल्या फांद्या उचलायच्या, वाहून गेलेली खडी पुन्हा पसरायची. एकाच अंगणात दोघांची दोन दारं उघडायची. दोन्ही दारांतून माणसं एकमेकांना टाळून बाहेर पडायची.

थोरला खोपटापाशी पोचला तेव्हा धाकटा तिथंच होता. स्वतःची सायकल आडवी टाकून दगडावर बसला होता, शेजारी फावडं. डोंगरावरून धुकं उतरत होतं आणि ओल्या लाकडाचा कुबट वास येत होता.

"चाक आणलंस?" धाकट्यानं विचारलं.

"नाही, पंखा आहे. उकडतंय ना फार."

धाकटा कसंनुसं हसला. "दे इकडं, मी बसवतो."

"राहू दे. तुझ्या भरवशावर दिलेलं माघारी येत नाही."

धाकट्याचं हसू तिथंच विझलं. थोरला गुडघ्यावर बसून नट सोडवत राहिला.

"दादा, वर्ष होत आलं. अजून किती टोचशील?"

"ती जितकं जगायची राहिली तितकं."

"मी खोटं नाही बोललो रे. तिचा आवाज मी ओळखणार नाही का? लग्न होऊन आली तेव्हा मी अर्ध्या चड्डीत होतो. मला सायकल तिनं शिकवली, तू नाही."

"मेलेलं माणूस ओ देतं होय?"

"ते मला नाही माहीत. कानांनी ऐकलं तेवढं सांगतो." धाकटा उठला, जवळ आला. "तू एकदा नुसतं म्हण, तुझ्यावर विश्वास आहे म्हणून. एकदाच. मग जन्मभर बोलू नकोस माझ्याशी, चालेल मला. गावाचं काय ते गाव बघेल. पण तू असा बघतोस ना... रात्री झोप लागत नाही."

थोरल्याच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. त्यानं ते गिळलं आणि चाक फिरवून बघितलं. सरळ फिरत होतं.

"खाली गेल्यावर बघू," तो म्हणाला.

"मग मी मागून येतो. धुकं आहे, एकटा उतरू नकोस."

"ये, नाहीतर राहा."

थोरला निघाला. मागं खडी करकरली. म्हणजे धाकटाही निघाला होता. पहिलं वळण आलं. तिथं पाण्यानं रस्ता आतून खाल्ला होता. वरून खडी दिसायची आणि खाली पोकळी. चढताना थोरल्यानं ते पाहिलं होतं. धाकटा सकाळी दुसऱ्या वाटेनं वर आला होता, त्याला ते ठाऊक नव्हतं.

थोरल्यानं हाक दिली नाही.

मनात पाप होतं असं नाही. नुसता राग होता, आणि रागात तोंड उघडत नाही, एवढंच. आपण हाक द्यायची, त्यानं ओ द्यायची, म्हणजे पुन्हा भाऊ-भाऊ झाल्यासारखं होईल, ते त्याला नको होतं. तो कडेकडेनं निघून गेला.

दुसऱ्या वळणाशी त्याची त्यालाच लाज वाटली. भांडण घरात असतं, उतारावर नसतं. तो ओरडला, "वळण!"

मागून आलं, "आलो!"

थोरल्याच्या छातीवरचा दगड उतरला. म्हणजे पोरगं सुखरूप निघालं तिथून. आता तो चांगला मोठ्यानं हाका द्यायला लागला. "फांदी!" "आलो!" "खडी सैल!" "आलो!" धुकं इतकं दाट झालं, की पुढचं चाकही धड दिसेना. पण पाठीमागं तो आवाज होता, ना फार जवळ, ना फार लांब. किती महिन्यांनी कुणीतरी त्याला ओ देत होतं. थोरल्याला वाटलं, हा उतार असाच लांबत जावा.

मधल्या वळणाशी त्यानं वेग कमी केला. इथंच ती पडली होती. मागं बघता येत नव्हतं, म्हणून तो समोरच्या पांढऱ्या धुक्याशीच बोलल्यासारखं बोलला.

"ए... ऐक. माझा विश्वास आहे तुझ्यावर."

झाडांवरून पाणी ठिबकत होतं. दुसरा आवाज नाही.

"ऐकलंस ना?"

"आलो," मागून आवाज आला.

थोरला मनाशी हसला. लाजतोय, दुसरं काय. लहानपणीही असाच, मायेनं बोललं की भलतंच उत्तर द्यायचा. तेवढ्यात त्याच्या ध्यानात आलं, की मघापासून मागून फक्त आवाज येतोय. खडी वाजत नाहीये. चेनची कुरकुर नाही, ब्रेकची किंकाळी नाही. या रस्त्यावर, जिथं खडा उडाला तरी कळतं...

तरी त्यानं मागं पाहिलं नाही. फाटकापर्यंत तो हाका देत राहिला, कारण थांबायची भीती वाटत होती. आणि प्रत्येक हाकेला ओ येत राहिली.

फाटकाशी चौकीदार शेगडी फुंकत बसला होता. "एकटेच?" त्यानं विचारलं.

थोरला सायकलवरून उतरला आणि मग वळला. रस्ता रिकामा होता.

दोघं टॉर्च घेऊन वर गेले. धाकटा पहिल्या वळणाशी सापडला. पुढचं चाक त्या पोकळीत गुडघाभर रुतलेलं, आणि तो दरडीवर उलटा. चौकीदारानं त्याच्या मानेला हात लावून काढून घेतला.

"कधीचा गेलाय हा. पार थंड पडलाय."

"नाही हो," थोरला म्हणाला. "माझ्याशी बोलत होता. फाटकापर्यंत ओ देत होता..."

चौकीदारानं नुसतं पाहिलं. ती नजर थोरल्याच्या चांगली ओळखीची होती. वर्षभर तो स्वतः ती वापरत आला होता.

माणसं गोळा करून धाकट्याला खाली आणेपर्यंत वेळ लागणार होता. घरी कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. थोरला अंगणातून पलीकडच्या दाराशी गेला. दार वाजवलं. धाकटी, धाकट्याची बायको, दारात आली, ओल्या हातांनी. त्यानं सांगितलं. कसं सांगितलं ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

ती रडली नाही. चौकट धरून उभी राहिली.

"पहिल्या वळणाला हाक दिली होतीत का, भाऊजी?"

थोरला घाईघाईनं म्हणाला, "पण नंतर मी त्याला सांगितलं. विश्वास आहे म्हणून. सांगितलं मी..."

"कुणाला?" ती म्हणाली. "कुणाला सांगितलंत?"

त्यानं मान खाली घातली. वर पाहिलं, तर धाकटी त्याच्याकडे बघतच नव्हती. ती त्याच्या खांद्यावरून मागं बघत होती, तिथं त्याच्याच उंचीचं कुणी उभं असावं तशी. मग तिनं दार पूर्ण उघडलं आणि एका अंगाला सरली, दमून आलेल्या माणसाला वाट द्यावी तशी. आणि थोडी थांबून, अजून थोडी सरली, मागून आणखी कुणी बाईमाणूस येत असावं तशी.

थोरल्यानं एक पाऊल पुढं टाकलं.

"तुम्ही नाही," ती म्हणाली, आणि आतून कडी लावून घेतली.