निकिता काय विसरली?

पुसदच्या बसस्टँडमागे, एका शिंप्याच्या दुकानावर खासगी तपास करणाऱ्या गझाला शेखचं कार्यालय होतं. वर जायला अरुंद लोखंडी जिना. निकिता राठोड खालच्या पायरीवरच थबकली. मागं कुणी नाही ना, हे पुन्हा पुन्हा पाहून, कठडा घट्ट धरून ती वर चढली. कपाळावर टाक्यांची पट्टी होती आणि मुठीत फोन.

"मी माह्या फोनचा पासकोड विसरली," ती म्हणाली. "फोन उघडल्याबिगर मी शहाणी हाय का वेडी, हे मले समजणार नाही."

गझालाचे मदतनीस विठ्ठलराव पूर्वी पोलिसात हवालदार होते. ते म्हणाले, "फोनचं दुकान खाली चौकात आहे, बाई."

"बसा," गझाला निकिताला म्हणाली. "पहिलेपासून सांगा."

निकिता एका खासगी दवाखान्यात नर्स होती. कपाशीवर फवारणी करणाऱ्या एका मजुराला तिथं आणलं होतं. सोबत औषधाची बाटली होती. पण बाटलीवरच्या विषाची लक्षणं एक आणि मजुराची दुसरीच. डॉक्टर हैराण झाले होते. बाटली निकिताच्या सासरच्या कृषी केंद्रातली होती. लेबल तिरपं लागलेलं, आणि त्याच्याखाली दुसऱ्या लेबलाची कड दिसत होती.

"रविवारी दुपारी मी घरी माडीवरची कोठी उघडून पाह्यली," निकिता सांगू लागली. "आत निळे ड्रम, लेबलांचे गठ्ठे, खळीचा डबा. मी फोटो काढले. बाहेर आली, जिन्याच्या तोंडाशी उभी राह्यली, अन् पाठीवर हात पडला. ओला, गार हात. मंग मी खालीच."

"कोणाचा हात?"

"नाही पाह्यला. घरचे म्हणतात, हात नव्हताच. चक्कर आली अन् पडली. डोक्याले मार हाय, म्हणून काहीबाही सुचते. म्हटलं, फोटो दाखवते. तर फोन माहा पासकोडच घेत नाही! दोन वर्षं रोज टाकलेला आकडा. तवापासून माह्या बोलण्यावर कोणी इस्वास ठेवत नाही. बाई, आता मलेच वाटते, हात नसलच."

"बोट लावून उघडत नाही?" विठ्ठलरावांनी विचारलं.

"फोन बंद करून चालू केला की तो पहिले आकडेच मागतो," गझाला म्हणाली. "हा आकडा अजून कोणाले माहीत आहे?"

"कोणालेच नाही." निकिता थांबली. "गाडीतून दवाखान्यात नेतानी कोणीतरी कानाशी म्हणत होतं, तुह्या भावाले कळवू का. मी काहीतरी सांगतलं. का ते सपन होतं, काय माहीत."

"भावाले कळलं?"

"हो. दादा राळेगावहून लगेच आला, काल वापस गेला. माह्याच नंबरावरून त्याले मेसेज गेलता."

गझालानं फोन हातात घेतला. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरं होती: पासकोड विसरलात?

"इथं दाबून पाह्यलं?"

"नाही. ताई म्हणे, तिथं हात लावू नको, सगळं पुसून जाते. पुष्पाताई, माही जाऊ. दवाखान्यात तीच माह्या उशाशी होती. त्या घरात तिच्याबिगर माहं कोणी नाही."

गझालानं तिथं बोट ठेवलं. नवी ओळ उमटली: जुना पासकोड टाका.

"जुना म्हणजे?" निकिता गोंधळली. "माहा तर एकच आहे."

गझालानं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं आणि उठली. "विठ्ठलराव, गाडी काढा. बुधवार आहे आज. अंधार पडायच्या आत हे उरकलं पाह्यजे."

राठोडांचं घर गावाबाहेर रस्त्यालगत होतं. खाली कृषी केंद्र, मागं आणि वर राहतं घर. औषधांचा उग्र वास ओसरीपर्यंत येत होता. निकिताला तो इतकी वर्षं कधी जाणवला नव्हता. आज तिनं नाक दाबलं. जिन्याकडं न पाहता ती भिंतीला लागून बसली.

तिचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ प्रेमसिंग, दुकानातून आले.

"डोक्याच्या पेशंटचं काय मनावर घेता, मॅडम? मी दुकानात होतो, समोर गिऱ्हाईक होतं. धप्पकन आवाज झाला. मी खालून धावलो, पुष्पा वरून. उचललं अन् गाडीत टाकलं."

"कोठीत काय आहे?"

"रिकामे खोके." त्यांनी कपाळ पुसलं. "दुसरं काय राह्यते?"

निकिताचा नवरा शाम एसटीत ड्रायव्हर. रविवारी तो उमरखेडच्या गाडीवर होता. बायकोकडं न पाहताच तो बोलला.

"मी तर म्हणून राह्यलो, फोन पुसून टाकू अन् नव्यानं चालू करू. ह्या फोनापायीच तिचं डोकं अजून बिघडून राह्यलं. सोमवारी नागपूरले नेतो. डोक्याच्या डॉक्टरकडं."

निकितानं ओळखलं: एकदा तिथं नाव लागलं, की तिचं बोलणं जन्मभर आजारातच जमा होणार.

पुष्पा चहा घेऊन आली. आधी निकिताच्या पाठीशी उशी सारली, मग बोलली. "मी मांगं आंगणात भांडे घासत होती. आवाज आयकून धावली. अन् फोन? ती पडली तवापासून बंदच आहे. आमच्यातल्या कोणी उघडला नाही. मले तर बाप्पा हिरवं बटन अन् लाल बटन, एवढंच समजते."

गझाला आणि विठ्ठलराव माडी पाहायला गेले. पुष्पानं कप विसळून ठेवले आणि निकिताजवळ टेकली.

"काहून असे बाहेरचे लोक आणतं, पोरी? शामचं मन उठलं तर कुठी जाशीन?" आणि तिनं मायेनं निकिताच्या पाठीवर हात ठेवला.

हात ओला होता. गार.

निकिताला ओरडावंसं वाटलं, पण काय सांगायचं? कप विसळलेला हात ओलाच असणार! ती तशीच ताठ बसून राहिली. जिन्यावर गझालाची पावलं वाजली, तेव्हा कुठं पाठीवरचा हात निघाला.

गझालानं सगळ्यांना ओसरीवर बसवलं. विठ्ठलराव दारात उभे राहिले.

"कोठीले नवं कुलूप आहे," ती म्हणाली. "रिकाम्या खोक्यांले कोणी कुलूप लावत नाही. पण ते नंतर. पहिले फोन. निकिता काहीच विसरली नाही."

"मंग उघडत काहून नाही?" शामनं विचारलं.

"पासकोड बदलला आहे. हा फोन 'जुना पासकोड टाका' असं म्हणून राह्यला. पासकोड नुकताच बदलला असला, तरच तो हे विचारते. तीन दिवस विचारते, मंग नाही. म्हणजे रविवारी ही पडल्यावर कोणीतरी बदलला. रविवारी ही बेशुद्धीत होती, नंतर हातात सलाइन. हिनं बदलला नाही."

तिनं फोन सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"बदलाले पहिले जुना आकडा लागते. तो हिनंच सांगतला, गाडीत, अर्धवट शुद्धीत. दादाले मेसेज जावा म्हणून. मेसेज गेलाही, हिच्याच नंबरावरून. म्हणजे पडल्यावर हा फोन उघडला होता. आणि पुष्पाबाई म्हणतात, कोणी उघडलाच नाही."

"माह्या ध्यानात नाही राह्यलं," पुष्पा म्हणाली. आवाज अजूनही मऊ होता. "घाईत केला असन मेसेज."

"हिरवं-लाल बटन समजणाऱ्या बाईनं? कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांले हात लावू नको, हेही तुम्हीच सांगतलं. ते दाबलं असतं, तर हिले पासकोड बदलल्याचं कळलं असतं."

"पण ढकललं कोणी?" विठ्ठलरावांना राहवलं नाही.

"शाम उमरखेडच्या गाडीवर. प्रेमसिंगभाऊ गिऱ्हाइकासमोर. ते काय बोलले? मी खालून धावलो, पुष्पा वरून. आणि ह्या म्हणतात, मी मांगच्या आंगणात होती. आंगणातून धावणारं माणूस जिन्यावरून खाली येत नाही. ह्या वरच होत्या. बाजूच्या खोलीत लेबलं चिकटवून राह्यल्या होत्या, म्हणून हात खळीनं ओला."

प्रेमसिंगांनी बायकोकडं पाहिलं.

"फोन फोडून टाकला असता तं?" विठ्ठलराव पुटपुटले.

"कोणी फोडला, हे सगळ्यांनी विचारलं असतं. विसरलेला पासकोड हिच्याच माथी बसते. स्वतःचा आकडा ज्या बाईले आठवत नाही, तिच्या पाठीवरचा हात कोण खरा मानणार?" गझालानं फोन निकितापुढं धरला. "टाका तुमचा आकडा. पण चुकला, तर फोन तासभर अडून बसेल. तोवर मुदत संपेल."

निकिताचं बोट पडद्याजवळ जाऊन मागं आलं. तीन दिवस घरानं एकच सांगितलं होतं: तुले आठवत नाही. तिनं पुष्पाकडं पाहिलं. पुष्पाचे डोळे फोनवर खिळलेले होते. फक्त फोनवर. ते पाहून निकितानं फोन हातात घेतला. चार आकडे तिनं सवयीनं टाकले.

फोन उघडला.

पण रविवारचे फोटो नव्हते. शनिवारचा एक, नंतर काहीच नाही. निकितानं पडदा वरखाली सरकवून पाहिला. पुष्पा हलकेच हसली. "पाह्यलं? म्हणूनच म्हणतो आम्ही."

"पुसलेले फोटो काही दिवस फोनच्याच कचरापेटीत पडून राह्यते," गझाला म्हणाली आणि बोट सरकवलं.

निळे ड्रम. लेबलांचे गठ्ठे. डब्यातली खळी. शेवटच्या फोटोत कोठीच्या दारापाशी अर्धा पदर आणि हिरव्या बांगड्यांचा हात, बोटांवर पांढरा थर. पुष्पानं आपला हात पदराखाली घेतला. बांगड्या किणकिणल्या.

"लेबलं बदलून औषध विकाचा धंदा आमचा दोघांचा," प्रेमसिंग रडवेल्या आवाजात म्हणाले. "पण ढकलल्याचं मले माहीत नव्हतं. देवाशप्पथ."

"कसं माहीत असन?" पुष्पा फुत्कारली. मऊपणा कुठल्या कुठं गेला. "तुमच्याच्यानं काय झालं असतं? हिनं दवाखान्यात तोंड उघडलं असतं तर दोघंही आत असतो!"

विठ्ठलराव पोलिसांना फोन लावत होते. निकितानं ड्रमचा फोटो दवाखान्यात पाठवला. डॉक्टरांचा लगेच फोन आला. ड्रमवरच्या विषाचं नाव त्यांनी तिच्याकडून अक्षर अक्षर वाचून घेतलं. मजूर अजून जिवंत होता. आता नेमका उपचार सुरू करता येणार होता.

ती जबाब द्यायला निघाली, तसा शाम दारापर्यंत आला. "निकिता, माहं चुकलं. जबाब देऊन घरीच ये. आता भेव कायचं?"

ती थांबली. "मी पडली तवापासून तुम्ही मले औषध दिलं, दूध दिलं, नागपूरचा डॉक्टर पाह्यला. पण तो हात कोणाचा होता, हे एकदाही विचारलं नाही."

निकिता गाडीत गझालाशेजारी जाऊन बसली आणि तिनं भावाला फोन लावला.

"दादा," ती म्हणाली, "मले घ्याले ये."