डावीकडे वळली की बंद पडणारी गाडी

"गाडी डावीकडे वळत नाही म्हणजे काय?" मी विचारलं.

"वळते. पण वळली की बंद पडते," तो म्हणाला. "म्हणून नुसता उजवीकडे वळत वळत आलोय. दहा मिनिटांचा रस्ता... पाऊण तास लागला."

मी हातातली पक्कड खाली ठेवली आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. हेल्मेटमुळे विस्कटलेले केस, कपाळावर घाम, आणि चेहरा मात्र असा खुललेला, की जणू बक्षीस घ्यायला आलाय. मोटारसायकलच्या वायरिंगचं काम मी सात वर्षं करतेय. संतापलेली गिऱ्हाईकं येतात, रडकुंडीला आलेली येतात. खूश होऊन आलेला हा पहिलाच.

आमच्या दुकानात पुढे मी वायरी सोडवते आणि मागे बाबा इंजिनं उघडून बसतात. उभा जन्म त्या आवाजात काढल्यामुळे बाबांना ऐकायला फार कमी येतं. आणि तसं कुणी म्हटलेलं त्यांना मुळीच खपत नाही.

"शुक्रवारपर्यंत होईल ना?" तो म्हणाला. "पाच तासांवरच्या एका गावातून नोकरी चालून आलीय, दवाखान्यात. शुक्रवारी पाचच्या आत हो की नाही ते कळवायचंय. हो म्हटलं तर शनिवारी सकाळी हिच्यावरूनच निघायचं."

"तुम्ही डॉक्टर?"

"छे. मी कान तपासतो. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना यंत्र बसवून देतो."

मी आपोआप मागे वळून बाबांकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं. कान तपासून घ्या म्हणून तीन वर्षं मी त्यांच्या हातापाया पडत होते, पण बाबा दाद देतील तर शपथ. हा पठ्ठ्या सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "काका, या इंजिनात टकटक ऐकू येतेय."

"माझ्या इंजिनात?" बाबा उठलेच. इंजिनाला कान लावला. बराच वेळ लावला. मग हळू आवाजात म्हणाले, "मला का नाही येत?"

"ते आपण उद्या बघू," तो म्हणाला.

मंगळवारी सकाळी बाबा निमूटपणे खुर्चीत बसून कानात यंत्र लावून घेत होते. हा माणूस आपल्याला जड जाणार, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्याच दुपारी मी त्याची गाडी उघडायला घेतली. आदल्या दिवशी ती दुकानात आत घेताना हँडल डावीकडे वळलं होतं, तेव्हाच फ्यूज जळला होता. नवा घालून तो पुन्हा जाळण्यात काही अर्थ नव्हता, म्हणून फ्यूजच्या जागी एक बल्ब जोडला. वायर कुठे लोखंडाला टेकत असली की हा बल्ब भक्कन पेटतो. तो माझ्या शेजारी उकिडवा बसून बघत होता. इतका जवळ, की त्याच्या शर्टाचा साबणाचा वास मला पेट्रोलमधूनही येत होता.

"तुम्ही वायरींशी बोलता," तो म्हणाला.

"त्या ऐकतात. गिऱ्हाईकं ऐकत नाहीत."

"मी ऐकतो. माझा धंदाच तो आहे."

"मग जरा गप्प बसा... मला बल्ब दिसू द्या."

"बल्ब समोर आहे. तुम्ही माझ्याकडे बघताय."

माझे कान तापले. कानांचाच जाणकार तो, त्याला ते दिसल्याशिवाय कसं राहील? काहीतरी कारण काढून मी त्याला घरी पिटाळलं.

तो गेल्यावर वीस मिनिटांत बिघाड सापडला. हँडल डावीकडे फिरवलं की बल्ब पेटत होता. हँडलच्या मुळाशी वायरींचा जुडगा घासून एका वायरीचं कातडं सोललं होतं, आणि डावीकडे वळताना नेमकी तीच लोखंडाला टेकत होती. मी नवा तुकडा जोडला आणि वर आमची पिवळी टेप गुंडाळली. बाबांची शिस्तच तशी आहे. आपल्या हातच्या कामावर पिवळी टेप, म्हणजे पुढे काही झालं तर जबाबदारी आपली. नवा फ्यूज घातला, हँडल डावीकडे फिरवून दहा वेळा हॉर्न वाजवला. गाडी ठणठणीत होती.

आणि संध्याकाळी तो आला तेव्हा मी म्हणाले, "सापडत नाहीये."

सात वर्षांत मी गिऱ्हाईकाशी कधी खोटं बोलले नव्हते. बोलून झाल्यावर छाती अशी धडधडायला लागली की ती त्यालाही ऐकू जाईल असं वाटलं. गाडी अडली तर माणूसही अडेल, एवढाच वेडा हिशेब होता माझा.

बुधवारी तो आला. "काकांच्या यंत्राची जुळवणी अजून बाकी आहे," म्हणाला. गुरुवारीही आला, बाकीच होती. बाबांच्या कानाशी पाच मिनिटं, माझ्या शेजारी दोन तास. बाबांना अजून धड ऐकू येत नाही, या भरवशावर मीही मोकळी बोलत होते.

"तिकडे गेलात की इकडची आठवण येईल?" मी विचारलं.

"इकडची म्हणजे कुणाची ते सांगा... मग सांगतो."

"दुकानाची."

"दुकानाची येईल. पिवळ्या टेपची येईल. टेप दाताने तोडणाऱ्या बाईची तर... झोप उडेल."

शुक्रवारी तो चार वाजता आला. हसत नव्हता. "सापडला?"

"नाही..." मी जमिनीकडे बघत म्हणाले.

"सापडला," मागून बाबा म्हणाले. फडक्याला हात पुसत ते पुढे आले. "मंगळवारीच. दहा वेळा हॉर्न वाजला. मोजलाय मी."

मी झटकन मान वर केली. "बाबा, तुम्हाला..."

"मंगळवारपासून सगळं ऐकू येतंय. यंत्र पहिल्याच दिवशी बरोबर बसलं." त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "जुळवणी बिळवणी काही बाकी नव्हती. हो ना रे?"

तो लालबुंद झाला. "नव्हती, काका."

"म्हणजे माझा कान आणि तुझी गाडी, दोन्ही एकाच दिवशी बरी झाली. आणि तुम्ही दोघं चार दिवस मला येडा बनवताय."

मला एकदम उमगलं. मी त्याच्याकडे वळले. "बाबांना ऐकू येतंय हे माहीत असून तुम्ही त्यांच्यासमोर ते सगळं बोलत होता?"

"मुद्दामच," तो म्हणाला. "त्यांच्या माघारी बोलायचं नव्हतं मला." मग आवाज खाली आला. "पाचला तासभर आहे. मी काय कळवू? गाडीचं कारण आता उरलं नाही."

मी किल्ली मुठीत घट्ट धरून उभी होते. चार दिवस मी गाडीच्या आडून बोलत होते. आता आड घ्यायला काहीच राहिलं नव्हतं.

"खोटं बोलले, कारण तुम्ही जाऊ नये असं वाटत होतं," मी म्हणाले. "मला तू आवडतोस. जाऊ नकोस."

"जरा मोठ्याने," बाबा म्हणाले.

"ऐकू आलंय तुम्हाला, बाबा."

"मला आलंय. त्याला आलं का बघ."

त्याला आलं होतं. त्याने तिथेच, माझ्या कामाच्या टेबलाला टेकून फोन लावला. "नाही, मनापासून आभार, पण येणं जमणार नाही... हो, पक्कं," एवढंच बोलला आणि फोन ठेवला. मग कितीतरी वेळ आम्ही दोघं एकमेकांकडे बघून नुसते हसत होतो.

दुरुस्त झालेली गाडी जिने दुरुस्त केली तिने चालवून बघायची, ही बाबांची दुसरी शिस्त. मी पुढे बसले, तो मागे. त्याचा हात आधी सीटवर होता, मग बिचकत माझ्या खांद्यावर आला. रस्त्याच्या टोकाला मी वेग कमी केला.

"कुठे जायचं?" मी विचारलं.

"आठवडाभर तिकडे वळलो नाहीये," तो माझ्या कानाशी म्हणाला. "डावीकडे घे."

मी हँडल फिरवलं. गाडी बंद पडली नाही.